पोवारांचा सल्ला आणि वस्तादांची चिंच

कोल्हापुरात "मला माहीत नाही" असं म्हणायची पद्धत नाही. परगावची गाडी थांबून कुणी पन्हाळ्याचा रस्ता विचारला, की बघता बघता चार माणसं गोळा होतात. त्यातल्या निम्म्यांना रस्ता माहीत असतो आणि उरलेले निम्मे त्यांच्यापेक्षा मोठ्यानं सांगतात. यात फसवणूक कुणाच्या मनात नसते. पावणा दारात आला, मग तो जेवायला आलेला असो की रस्ता विचारायला, त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही एवढाच भाव.

बाळासो पोवार याच मातीतले. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक, साने गुरुजी वसाहतीत वरच्या मजल्यावर घर, डोक्यावर स्वतःची गच्ची. स्वभाव अतिशय भित्रा आणि सल्ला द्यायची हौस दांडगी. हे दोन गुण एका माणसात असू नयेत. सल्ला देताना भीती वाटत नाही, ती मागनं येते, आणि येताना घरचा पत्ता विचारत येते.

हौस भागवायला त्यांना जागा मिळाली ती मोबाइलवरच्या 'करवीर बोन्साय परिवार' या ग्रुपमध्ये. बोन्साय म्हणजे मोठं झाड छोट्या ताटलीत वाढवायचं, छाटायचं, तारेनं वळवायचं आणि वर्षानुवर्षं जगवायचं. बाळासोंकडं असं एकच झाड होतं, जेडचं. जेड ही वनस्पती मारायला वेगळी अक्कल लागते. पाणी घाला, घालू नका, उन्हात ठेवा, विसरून जा, ती आपली हिरवीगार. बाळासोंना मात्र हे आपल्या हाताचं यश वाटायचं, आणि त्या जोरावर ते जिल्हाभरच्या झाडांवर बोलायचे. त्यांच्या अनुभवानुसार झाडांना आजार दोनच, पाणी जास्त होणं आणि पाणी कमी होणं. ते आधी "पाणी जास्त झालंय" असं लिहायचे. समोरच्यानं नाही म्हटलं, की "मग कमी झालंय." निम्मे लोक पहिल्याच उत्तराला आभार मानायचे आणि उरलेले दुसऱ्याला.

ग्रुपच्या मालकीण जरीना मॅडम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पण वर्ग सुटलाय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. ऊन किती, पाणी कधी, माती कसली, हे विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही आणि स्वतःच्या हातानं जे केलं नाही ते दुसऱ्याला करायला सांगायचं नाही, असा त्यांचा दंडक. एका सभासदानं सकाळी सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार टाकला, तर मॅडमनी विचारलं, "हे गुलाब तुमच्या कुंडीतले का?" त्या माणसानं नंतर दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा टाकल्या नाहीत. बाळासो मॅडमना टरकून असत. मॅडम ग्रुपवर दिसल्या की ते जेडला पाणी घालायला जात.

फाल्गुनात मॅडमची लेक बाळंत झाली. सासर मलकापूरच्याही पलीकडं, डोंगरात. जाताना मॅडमनी ग्रुपवर लिहिलं, "तिथं रेंज नाही. मी येईपर्यंत कुणाच्या झाडाला काही झालं तर थांबा. झाडं थांबतात, माणसांनाच दम नसतो."

त्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर प्रश्न आला. विचारणाऱ्याचं नाव नुसतं 'आण्णा'. नावाशेजारी स्वतःच्या चेहऱ्याऐवजी गदेचा फोटो. खाली झाडाचा फोटो: चिंचेचं जुनं बोन्साय, बुंधा चांगला मनगटाएवढा, फांद्या अशा पसरलेल्या की खाली बाजलं टाकून झोपावं. आणि प्रश्न, "पानं पिवळी पडून गळाय लागल्यात. काय करावं?"

सकाळची दुपार झाली. प्रश्न सगळ्यांनी वाचला होता, तशा निळ्या खुणा दिसत होत्या, पण मॅडम नसताना तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. बाळासो ऑफिसात डबा खाता खाता तो प्रश्न बघत होते. पावणा दारात उभा आहे आणि घरातलं कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं करत नाही, असलं दृश्य त्यांना बघवेना. शेवटी त्यांनी ग्रुपवरचे मॅडमचेच जुने निरोप चाळले. गेल्या पावसाळ्यात मॅडमनी उंबरवाल्या एकाला सांगितलं होतं, "सगळी पानं काढा, मुळांचा तिसरा हिस्सा छाटा, माती बदला, सावलीत ठेवा." बाळासोंनी उंबराच्या जागी चिंच केली, मॅडमचं नाव गाळलं आणि शेवटी स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं, "घाबरू नका, मी आहे."

पटापट अंगठे आले. "पोवार साहेब, लाख बोललात," असं कुणीतरी लिहिलं. बाळासोंनी डबा घासूनपुसून संपवला.

संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन बसले आणि मोबाइल वाजला. फोटोत तेच झाड होतं, पण अंगावर एक पान नाही. जावळ काढलेल्या पोरासारखं झाड गपगुमान उभं होतं. शेजारी कापलेल्या मुळांचा ढीग. खाली लिहिलेलं, "केलं. आता फुडं?"

बाळासोंनी कप खाली ठेवला. आयुष्यभर त्यांनी सल्ले दिले, पण त्यातला एकही कुणी अमलात आणला नव्हता. कोल्हापूरचा माणूस सल्ला मागतो, पूर्ण ऐकतो, "बरोबर हाय तुमचं" म्हणतो आणि घरी जाऊन आपल्या मनाचंच करतो. या व्यवस्थेवर विसंबून तर माणसं एकमेकांना बिनधास्त सल्ले देतात. आणि हा कोण आण्णा, की ज्यानं सांगितलं तसं, सांगितलं तेवढं, त्याच दिवशी करून टाकलं? बाळासोंनी लिहिलं, "आता वाट बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोटो. "वाट बगितली. आता फुडं?"

शेजारच्या आकाराम कंडक्टरांना बाळासोंनी सहज विचारल्यासारखं करून गदेचा फोटो दाखवला. आकाराम एस.टी.तून निवृत्त झाले होते आणि जिल्ह्यातला एक माणूस त्यांना अनोळखी नव्हता.

"ह्ये आण्णा वस्ताद न्हवं का," आकाराम म्हणाले. "तालमीचं वस्ताद. आता वय झालं, पर हात अजून खोरं हाय खोरं. काय काम काढलंसा?"

"काही नाही, ओळख झाली. माणूस शांत आहे ना?"

"लई शांत. कवा आवाज चढवनार न्हाईत. एकदा स्टँडावर एका गड्यानं त्येंच्या पैलवानाला शिवी घातली. वस्ताद एक शबूद बोललं न्हाईत. त्याला काखंत धरून उचाललं आन गाडीच्या टपावर ठेवलं. गाडी मलकापूरला गेली. त्यो गडी बी गेला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोन? तिकीट मीच फाडलं की त्याचं."

बाळासोंना त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण टपावर बसून आंब्याचा घाट उतरतोय आणि खाली बायको, अनुजा, डबा हातात घेऊन गाडीमागं पळतेय, असं त्यांना सारखं दिसत होतं. सकाळी उठून त्यांनी ठरवलं, सल्लाच पुसून टाकायचा. निरोपावर बोट दाबून धरलं. 'सगळ्यांसाठी पुसा' ही सोय मुदत संपल्यामुळं गेलेली होती, 'फक्त माझ्यासाठी पुसा' एवढीच उरली होती. घाबरलेल्या माणसाला बोट आवरत नाही. त्यांनी तीच दाबली. आता तो सल्ला सगळ्या ग्रुपला दिसत होता, एकट्या बाळासोंना दिसत नव्हता.

मग त्यांनी सरकारी मार्ग धरला. सरकारी नोकराचा सरकारवर असतो तेवढा विश्वास दुसऱ्या कुणाचा नसतो. पिकांवर सल्ला देणाऱ्या एका कचेरीत ते अर्धी रजा टाकून गेले. टेबलावरच्या माणसानं वर न बघता विचारलं, "पीक?"

"चिंच."

"क्षेत्र?"

बाळासोंनी दोन्ही हातांनी ताटलीचा आकार दाखवला. त्या माणसानं मान वर केली. "हेक्टरमध्ये सांगा."

"नाही हो, कुंडीत आहे."

"मग सातबारा कुणाच्या नावावर?"

"कुंडीला सातबारा कसा असेल?"

"सातबारा नाही, तर झाड तुमचं हे कशावरून?"

"माझं नाहीच ते," बाळासो कळवळून म्हणाले. या वाक्यावर टेबलामागच्या माणसानं पेनाचं टोपण लावलं. बाळासोंनी स्वतःच्या खुर्चीत बसून कितीक शेतकऱ्यांना असंच परत पाठवलं होतं. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं, की त्या वेळी समोरच्या माणसाच्या पोटात काय होत असेल. अर्थात कळून उपयोग नव्हता. त्यांचं पोट भीतीनं आधीच भरलेलं होतं.

रविवारी वस्तादांचाच फोन आला. आवाज खरंच शांत होता. "पोवार सायेब, पत्ता सांगा. येतो."

बाळासोंनी पत्ता सांगितला. भीतीनं माणूस पळतो म्हणतात, पण काही माणसं भीतीनं पत्ता सांगतात, घराची खूणसुद्धा सांगतात. मग ते आत जाऊन अनुजाला म्हणाले, "कुणी आलं तर मी घरात नाही."

"कोण येणार हाय?"

"तू फक्त नाही म्हण."

"आवो, गॅलरीत उभं राहून फोनवर खुणा कोण सांगत हुतं मग?" अनुजा म्हणाली. ती भाजी निवडत होती आणि तिला बोन्सायमध्ये, वस्तादांमध्ये किंवा नवऱ्याच्या भीतीमध्ये काही विशेष रस नव्हता. ती भीती तिनं लग्नापासून पाहिली होती.

जिना करकरला. दार भरून माणूस उभा राहिला. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, कुस्तीत चेपून गेलेले कान, आणि दोन्ही हातांवर तान्हं पोर धरावं तशी धरलेली ती बोडकी चिंच. वस्तादांनी झाड जपून खाली ठेवलं. बाळासोंनी डोळे मिटले. पण मानगुटीवर हात पडायच्या ऐवजी पायाला काहीतरी लागलं. डोळे उघडून बघतात तर वस्ताद वाकून पाया पडत होते, आणि खांद्याच्या पिशवीतनं काढलेला नारळ पुढं करत होते.

"अहो, हे काय करताय?"

"तालमीची रीत हाय सायेब. वस्तादाच्या हातात पोर दिलं, की आईबापानं मदी तोंड घालायचं न्हाय. जगलं तर वस्तादाचं, मेलं तर वस्तादाचं. या झाडापुरतं तुमी माझं वस्ताद. हे हितंच ऱ्हाऊ दे तुमच्या नजरंखाली." ताटलीच्या काठावरची माती त्यांनी बोटानं पुसली. "माझ्या मालकिनीचं हाय. तानाबाईचं. थोरल्याच्या बारशाला लावलंतं तिनं. दिवाळीच्या आदी गेली ती. मला पोरं तयार कराय येत्यात, ह्ये न्हाय येत. आता पानं गळाय लागल्यावर असं वाटलं, की ती परत एकदा चाललीया."

एवढं बोलून त्यांनी फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि जिना उतरून गेले.

बाळासो झाडाकडं बघत राहिले. आत्तापर्यंत त्यांना आपली हाडं मोडतील याची भीती होती आणि ती भीती बरी होती, असं आता वाटायला लागलं. हाडं जुळतात. हे झाड मेलं तर काय जुळवायचं? वस्तादांनी मारलं असतं तर एकदाचा हिशेब मिटला असता. ते तर पाया पडून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद रोज तालीम आटोपून यायला लागले. हातात दुधाची किटली, दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेतलेलं धारोष्ण दूध. ते वस्तादाला द्यायची रीत. बाळासोंच्या पोटाला चहातलं दूध जेमतेम चालायचं, पण समोर वस्ताद मांडी घालून बसलेले असताना नाही म्हणायची सोय नव्हती. एक तांब्या पोटात गेला की बाळासो गच्चीवर जायचे आणि वस्ताद मागोमाग. मग तज्ज्ञानं काहीतरी करायला पाहिजे म्हणून बाळासो झाडाला एका बाजूनं बघायचे, मग दुसऱ्या बाजूनं, "हं" म्हणायचे आणि ताटली थोडीशी फिरवून ठेवायचे. वस्तादही "हं" म्हणायचे आणि तृप्त होऊन जायचे. ते गेले की बाळासो पोट धरून संडासात पळायचे. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "पोवार, तब्येत बरी नाही का?" बाळासो म्हणाले, "झाडाचं टेन्शन आहे." साहेबांना हे नवीन होतं.

वस्ताद रोज येतात म्हटल्यावर वसाहतीला वास लागला, आणि वसाहत सल्ले घेऊन गच्चीवर चढली. खालच्या मजल्यावरच्या झुंबरबाई म्हणाल्या, "मटण धुतल्यालं पानी घाला, माझा गुलाब त्येच्यावरच हाय." बाळासोंनी घातलं. त्या पाण्याला मुंग्या आल्या, मुंग्यांच्या मागनं मांजरं आली, आणि एक बोका ताटलीत बसून मिश्या पुसताना सापडला. पुढच्या गल्लीतल्या एकानं बुंध्याला काळा दोरा बांधला, कारण नजर लागलेली होती. आकाराम कंडक्टरांनी बाजूला घेऊन हळूच सुचवलं, "बोडकं झाड सगळं सारकंच दिसतंय. जयसिंगपूरला नर्सरी हाय, दुसरी चिंच आनून बदला. वस्तादाला काय कळतंय?" बाळासो त्या बाजूला जाणाऱ्या बसमध्ये बसलेसुद्धा. पण नर्सरीत रांगेनं मांडलेल्या चिंचांसमोर उभं राहिल्यावर त्यांना वस्तादांचं ते फेट्यानं तोंड पुसणं आठवलं. थोरल्याच्या बारशाला लावलेलं झाड कुठल्या नर्सरीत मिळत नाही. ते तसेच परत आले.

"त्या झाडाला जरा एकटं सोडा की," अनुजा तेवढं म्हणाली आणि काळा दोरा सोडून तिनं मिरच्यांच्या पुडीला बांधला.

एक उपाय मात्र बाळासोंना खरोखर माहीत होता, मॅडमच्याच एका जुन्या निरोपातला. बुंध्याची साल नखानं जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर संपलं. ते रोज गच्चीवर जायचे, वाकायचे, नख सालीजवळ न्यायचे आणि मागं घ्यायचे. खरवडलं असतं तर कळलं असतं. नाही खरवडलं तोवर झाड निदान मेलेलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात अशा कितीतरी फायली ते वर्षानुवर्षं उघडत नव्हते, त्याचं कारणही हेच होतं.

आणि एका सकाळी मॅडमना रेंज आली. ग्रुपवर त्यांनी कुणालाच काही बोल लावला नाही. झाडाच्या कामातली चूक चारचौघांत काढायची नाही हाही त्यांचाच दंडक. फक्त एक ओळ आली, "पोवार साहेब, फोन करते." बाकी सभासद काय ते समजले. दोघातिघांनी बाळासोंना खाजगीत हात जोडल्याची चित्रं पाठवली.

"पोवार साहेब," मॅडम म्हणाल्या. त्या "साहेब" म्हणाल्या की माणसानं बसून घ्यावं. "चिंच या दिवसांत पानं टाकतेच. दर वर्षी टाकते. काहीच करायचं नव्हतं. नुसतं बघत बसायचं होतं."

बाळासोंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही हे कधी स्वतः केलंय? मुळं छाटलीत कधी?"

"नाही मॅडम."

"बरं. इथं फोटो उघडत नाहीत. झाड कुणाचं आहे?"

"आण्णा वस्तादांचं. म्हणजे त्यांच्या मिसेसचं, तानाबाईंचं."

पलीकडं इतका वेळ काही ऐकू येईना, की रेंज गेली असं बाळासोंना वाटलं आणि त्यांनी मनातल्या मनात देवाचे आभारही मानले. मग मॅडमचा आवाज आला, पण तो वर्गातला नव्हता. "मी आज दुपारी कोल्हापुरात पोचते. सरळ तुमच्याकडं येते."

दुपारच्या आत वस्तादांना सांगायला हवं होतं. त्या दिवशी वस्ताद किटली घेऊन आले तेव्हा बाळासोंनी तांब्या हातात घेतला नाही. गच्चीवर झाडासमोर उभं राहून ते म्हणाले, "वस्ताद, मला काही येत नाही. माझ्याकडं एक जेड आहे, ते कुणाकडंही जगतं. तो सल्ला मी उचललेला होता, तोही दुसऱ्या झाडाचा. तुमच्या झाडाला काही झालंच नव्हतं. मी बिघडवलं." मग उचलून टपावर ठेवायला सोपं जावं म्हणून की काय, ते पाण्याच्या टाकीपाशी हात अंगाशी घेऊन उभे राहिले.

वस्तादांनी किटली खाली ठेवली. "मॅडमना ठावं झालंय?" त्यांनी विचारलं.

"झालंय. दुपारी येतायत त्या."

आणि बाळासोंनी आयुष्यात न पाहिलेली गोष्ट पाहिली. आण्णा वस्तादांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी जिन्याकडं बघितलं, मग गच्चीच्या कठड्याकडं, जणू तिथनं उतरता येईल का याचा अंदाज घ्यावा.

"हितं येनार?" ते म्हणाले. "मी बी खोटं बोललो सायेब. तानाबाई आन मॅडम जिवाच्या मैतरणी. ह्ये झाड घडवायला मॅडमनीच शिकिवलं तिला. ती गेल्यावर मॅडम झाड मागाय आल्या. म्हनल्या, वस्ताद, तुमच्यानं हुनार न्हाय. मी हट्टानं म्हनलं, माझ्या बायकूचं हाय, मी संबाळतो. मग पानं गळाय लागली. कुठल्या तोंडानं इचारू त्येंना? त्या गावाला गेल्यात कळलं, तवा धीर करून इचारलं ग्रुपवर. म्हनलं, त्या यायच्या आत बरं हुईल."

म्हणजे दोघंही एकाच बाईला भिऊन होते, आणि त्या भीतीपोटी दोघांनी मिळून एक निरोगी झाड बोडकं केलं होतं. बाळासोंना वस्तादांचा राग यायला हवा होता, पण उलट या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांनी किटलीतलं दूध ओतून दोघांत अर्धं अर्धं केलं आणि मुकाट्यानं प्यायले.

मॅडम आल्या. प्रवासातली पिशवी खांद्याला तशीच. जिना चढून दम लागला होता. दोघं पुरुष टाकीपाशी हात बांधून उभे राहिले. मॅडमनी पिशवी खाली ठेवली. त्या झाडासमोर बसल्या, मातीत बोट घालून ओल बघितली, बुंध्यावरून हात फिरवला.

"साल खरवडून बघितली?"

बाळासोंनी नकारार्थी मान हलवली.

"इतके दिवस झाड हाताशी होतं, नख लावून बघितलं नाही कुणी?"

"भ्या वाटलं," वस्ताद म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की तो त्या देहातनं आला असं वाटेना.

"मलापण," बाळासो म्हणाले.

मॅडमनी अंगठ्याचं नख सालीवर टेकवलं, आणि हात तिथंच राहिला. बाळासोंना वाटलं, चष्म्यातनं नीट दिसत नसेल. पण मॅडमचे डोळे भरून आले होते. "तानाबाईनं पहिली तार बांधली तेव्हा मी शेजारी होते," त्या म्हणाल्या. "वस्ताद, तुम्ही बघा."

"माझ्यानं न्हाय हुनार. सायेब, तुमी बगा."

"मी आणखी काही करणार नाही," बाळासो म्हणाले, आणि हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं शहाणं वाक्य होतं.

मग ते दोघंही खाली बसले आणि तिघं झाडाभोवती तसेच बसून राहिले. कुणाचाही हात पुढं होईना. तेवढ्यात धुण्याची बादली घेऊन अनुजा गच्चीवर आली. तिनं बादली टेकवली, तिघांकडं बघितलं आणि चादर पिळायला घेतली.

"हिरवं हाय की ते," ती म्हणाली. "बुडाला बघा, माझं नख लागल्यालं दिसंल. मी मंगळवारीच खरवडून बघितलं."

मॅडमनी ताटली वळवली. बुंध्याच्या तळाशी तांदळाएवढी एक जागा खरवडलेली होती आणि आत कच्च्या वाटाण्याचा हिरवा रंग होता. वस्तादांनी तिथं बोट लावलं. मग फेटा काढून मांडीवर घेतला, त्यात तोंड खुपसलं आणि ते सगळं अंग हलवून रडायला लागले. मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाळासोंची भीती त्या दिवसांत पहिल्यांदाच गेली, आणि गेल्याबरोबर त्यांना राग आला.

"अगं, मंगळवारी बघितलंस आणि आज सांगतेस? मी इकडं मरणाच्या दारात, आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?"

"मला इचारलं कुणी?" अनुजा म्हणाली. तिनं चादर झटकली, दोरीकडं बघितलं, मग खाली बसलेल्या वस्तादांकडं, मॅडमकडं आणि नवऱ्याकडं. "आता जरा तिकडं सरका बघू सगळे. मला ही वाळत घालायची हाय."

तिघंही सरकले.